मंगलची डावी बाजू

माझ्या मावशीची जीभ आमच्या पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. भांडणासाठी नव्हे, त्यासाठी गावात दुसऱ्या बायका होत्या. कुणाच्या डोळ्यात कचरा गेला, बाजरीचं कुसळ अडकलं, की माणूस डोळ्यावर रुमाल नाहीतर पदर दाबून चंद्रभागाबाईच्या दारात यायचा. उंबऱ्याशेजारी एक काळा दगड होता. त्यावर त्याला बसवायचं, मान मागे करायची, दोन बोटांनी पापण्या फाकवायच्या आणि जिभेचं टोक बुब्बुळावरून एकदाच हलकं फिरवायचं. मग मावशी जिभेवरचा कण नखावर घ्यायची आणि त्या माणसाला दाखवायची. "हे बघ, हे व्हतं." कण डोळ्यांनी पाहिला की अर्धं दुखणं तिथेच जायचं. आधी तीन चुळा भरायच्या हा तिचा नेम होता. दातांना तंबाखूची मिसरी लावलेली असली तर पाच. चाळीस वर्षं तिने हे काम केलं आणि त्याबद्दल कुणाकडून साधी सुपारीही घेतली नाही.

मी तिचा भाचा, रविराज. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डोळे तपासतो. मी डॉक्टर नाही, नेत्रचिकित्सा अधिकारी आहे. पूर्वी लोक डॉक्टर म्हणाले की मी दुरुस्त करायचो, आता करत नाही. उमापूरपासून पुढची खेडी माझ्याकडे येतात आणि मी त्यांच्यावर ओरडत असतो. मोतीबिंदू झालेला म्हातारा म्हणतो, अजून पिकू द्या, जसं काही झाडावरचं सीताफळ आहे. काचबिंदूवाल्याला दुखत नाही म्हणून तो येतच नाही. येतो तेव्हा नजर कडेकडेने खाल्ली गेलेली असते आणि मधोमध एक भोक उरलेलं असतं, त्यातून तो मला बघतो आणि म्हणतो, तसं बरं दिसतंय. साखरेच्या रोग्याला वाटतं, पायाची जखम समजू शकते, डोळ्याचा काय संबंध. पोराला फळा दिसत नाही, तर मास्तर त्याला मठ्ठ म्हणतात आणि आई चष्म्याला नाही म्हणते, मुलगी असली तर जास्तच. या सगळ्यांवर मी तोंडसुख घेतो. लोक म्हणतात, रविराज सायेब कडक हाय, पण बघतो नीट.

मावशीवर मात्र मी कधी ओरडलो नाही. दहावीला मी तिच्याकडे राहिलो होतो, तिच्या हातची भाकरी खाऊन पास झालो होतो. नोकरी लागल्यावर एकदा तिला म्हणालो, "मावशी, तुझ्यामुळं माझं गिऱ्हाईक कमी व्हतंय." ती पोट धरून हसली. तोंडात किती प्रकारचे जंतू असतात हे मी शिकलेलो होतो, पण सांगितलं नाही. उलट दोन वर्षांपूर्वी गाडीवरून येताना माझ्याच डोळ्यात चिलट गेलं तेव्हा मी माझ्या दवाखान्यावरून सरळ पुढे गेलो आणि मावशीच्या दगडावर जाऊन बसलो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मंगल ही मावशीची सून, माझा मावसभाऊ भागवत याची बायको. माहेर नारायणगडाच्या पायथ्याचं. बोलायला थोडी फटकळ, कामाला लई वाघीण. सासू-सुनेचं जमतं असं कुणी म्हटलं की मी विश्वास ठेवत नाही, पण या दोघींचं जमायचं. नारायणगडाच्या जत्रेत दोघी एकाच रंगाच्या बांगड्या भरून यायच्या आणि वर्षभर हात पुढे करून मला दाखवायच्या. मंगल तिला आत्याबाई म्हणायची.

दिवाळी झाली की घराला कुलूप लागायचं. भागवत आणि मंगल ऊसतोडीला सांगलीकडे जायचे. मावशी त्यांच्याबरोबर जायची, नात धनश्रीला सांभाळायला आणि दोघं फडातून येईपर्यंत चार भाकरी करून ठेवायला. उसाच्या पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोपी, पाटाचं पाणी, अंधारात उठणं आणि अंधारात परतणं. पाच महिने हे असंच.

गेल्या वर्षी जानेवारीत एका सकाळी मोळी बांधताना उसाचं पातं मंगलच्या डाव्या डोळ्यावर सपकन बसलं. उसाच्या पात्याला करवतीसारखी धार असते. मंगलला वाटलं, काहीतरी आत गेलं. ती तशीच कोपीकडे धावत आली. मावशी तव्याजवळ बसून मिसरी लावत होती. गाडी भरायची घाई होती, मुकादम हाका मारत होता. मावशीने मंगलचा डोळा फाकवला, जीभ फिरवली आणि नखावरचा काळा कण दाखवला. "निघालं बघ. जा आता." मंगल तो कण बघून परत फडात गेली.

तिसऱ्या दिवशी डोळा लाल झाला आणि उजेड सोसेना. जवळच्या गावातल्या औषधाच्या दुकानातून भागवतने थेंब आणले. त्या थेंबांनी लाली उतरली. सगळ्यांना बरं वाटलं, मंगलने पुन्हा कोयता घेतला. असले थेंब नुसती सूज दाबतात आणि आत बुरशी असली तर ती खत घातल्यासारखी वाढते. हे दुकानदाराला माहीत नव्हतं आणि भागवतने मला विचारलं नव्हतं. नवव्या दिवशी बुब्बुळावर पांढरा ठिपका दिसायला लागला. मंगल फडात उभी राहू शकेना. एका माणसाचं काम थांबलं की टोळी कुरकुरते. संध्याकाळी चुलीपुढे सगळ्या टोळीसमोर भागवत तिच्यावर ओरडला. उसाच्या चिकट हातांनी डोळा चोळला म्हणून हे झालं, एवढीपण अक्कल न्हाई तुला, असं बरंच काही. शेवटी हातही उचलला. मंगल म्हणाली, म्या चोळला न्हाई. पण कुणाला ते पटलं नाही आणि टोळीतल्या बायकांनीही माना हलवल्या.

दुसऱ्या दिवशी भागवतने मला फोनवर फोटो पाठवला. मी तो मोठा करून पाहिला आणि लगेच फोन लावला. मी म्हणालो, आत्ता निघा, थेट अंबाजोगाईला या, मी तिथे येतो. अंबाजोगाईला मी शिकलो होतो. तिथल्या मोठ्या दवाखान्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरबाई माझ्या ओळखीच्या होत्या. मुकादमाने सोडायला दीड दिवस लावला. शेवटी धनश्रीला भागवतकडे ठेवून मावशीच मंगलला घेऊन आली.

बाईंनी मंगलचा डोळा यंत्रावर पाहिला आणि तिला आत पाठवून दिलं. मग बाहेर येऊन मावशीला आणि मला विचारलं, "जखमेत अजून कुणी काही केलं होतं का? दूध, मध, कुंकू? कुणी जिभेनं कचरा काढला होता का?"

"न्हाई," मावशी म्हणाली.

मी मावशीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या बुटांकडे बघत होती. बाई माझ्याकडे वळल्या. मी म्हणालो, दुकानातले थेंब घातले होते. ते खरं होतं आणि माझ्याकडून एवढंच निघालं. पुढे मी स्वतःची समजूत घालण्यासाठी चौकशी केली. बाईंनी डोळ्यातला नमुना खरवडून तपासला होता आणि जे सापडलं त्यावरच औषध दिलं होतं. मावशीने हो म्हटलं असतं तरी औषध तेच राहिलं असतं. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे की आता त्याचा काही उपयोग होत नाही.

बावीस दिवस मंगल तिथे होती. दर तासाला थेंब. मावशीने एकही थेंब चुकू दिला नाही. वाचता येत नव्हतं म्हणून ती वऱ्हांड्यातल्या घड्याळाचा मोठा काटा बघायची, वर आला की उठायची. एके दुपारी मी डबा घेऊन गेलो तेव्हा ती पायरीवर बसली होती. माझ्या हातातला डबा तिने घेतला आणि तसाच मांडीवर ठेवला.

"रवी, त्या दिशी म्या चूळ भरली न्हाई."

मी म्हणालो, "मावशी, चुळेनं काय होणार होतं? पाच काय, पन्नास भरल्या असत्या तरी तोंड ते तोंडच." मी जरा चिडूनच बोललो. "अन् आत कचरा नव्हताच. पात्यानं बुब्बुळाला चीर पडली होती. चीर पडली की कचरा गेल्यासारखंच खुपतं. तू जखम चाटलीस."

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"आत काही नव्हतं ते. जिभेला काहीच लागलं न्हाई. लागतं तवा कळतं मला, चाळीस वर्सं झाली." मग म्हणाली, "दाखवलं ते मिसरीचं व्हतं. माज्या दाताचं. तिनं डोळं मोठं करून इचारलं, निघालं का? तिकडं मुकादम बोंबलत व्हता. म्हणलं, हिचा जीव निवंल. नखावर घेतलं अन् दाखवलं."

तो कण दाखवला नसता, काहीच निघालं नाही असं म्हटलं असतं, तर मंगल कदाचित त्याच दिवशी डॉक्टरकडे गेली असती. कदाचित नसतीही गेली. पण कचरा निघाला असं समजून ती नऊ दिवस त्या डोळ्याने ऊस तोडत राहिली, हे मात्र खरं होतं. तिने चोळला म्हणून तिला नवऱ्याने मारलं, हेही खरं होतं. मावशीने डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

"तिला सांगू नको," ती म्हणाली. "निदान आत्ता नको. म्या सांगते, तिला घरी तर जाऊ दे."

मी बरं म्हणालो. ते सोपं होतं.

डोळा वाचला, म्हणजे काढावा लागला नाही. नजर गेली. बुब्बुळावर पांढरं फूल पडलं. उजेड आणि अंधार एवढंच त्याला कळतं. घरी पाठवताना बाईंनी मंगलला समोर बसवून समजावलं, की हे बुब्बुळ बदलता येतं. मेल्यानंतर डोळे दान करतात त्यांचं बसवतात, दिसू शकतं, रांग मोठी आहे, पण नाव नोंदवून ठेव. मंगलने मान हलवली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "भावजी, येताना मला तुमचा हात दिसत व्हता, धूसर का हुईना. ह्या दवाखानावाल्यांनी सुरीनं खरवडलं अन् मग सगळं गेलं. आता दुसऱ्यांदा कापून घ्यायला येऊ व्हय म्या?"

खरवडल्याने गेलं नाही, आत आधीच सडलं होतं, हे मी तिला सांगितलं. तिने विचारलं, "मग सडलं कशानं?" मावशी शेजारी उभी होती. मी म्हणालो, पात्यानं, थेंबानं. "पात्याचं तर आत्याबाईंनी काढलं व्हतं," मंगल म्हणाली. "म्या बघितलं की." आणि विषय संपला. तिच्यापुरता दोषी ठरला होता तो दवाखाना. बिचाऱ्या दवाखान्याने तिच्यासाठी जीव तोडला होता.

मावशीने पुन्हा कुणाच्या डोळ्याला जीभ लावली नाही. लोक यायचे, दगडावर बसायचे. ती कधी म्हणायची तोंड आलंय, कधी म्हणायची हातचा गुण गेला, जा रवीकडं. मंगल मग त्या लोकांना सांगायची, "माज्या डोळ्याचं लई मनाला लावून घेतलं आत्याबाईंनी. तवापासून सोडलं." हे सांगताना तिच्या आवाजात कौतुक असायचं. मावशी तेव्हा काहीतरी निमित्त काढून आत जायची.

एका डोळ्याच्या माणसाला त्या बाजूचं जग नसतं. हे मी लोकांना तक्त्यावर चित्र काढून समजावतो, पण मंगलकडे पाहून मला ते पहिल्यांदा समजलं. डावीकडून गाडी आली तर तिला कळायचं नाही. दाराच्या चौकटीवर तिचा डावा खांदा आपटायचा, तिथे कायम काळंनिळं असायचं. चहा ओतताना कप किती लांब आहे याचा अंदाज चुकायचा आणि चहा ताटलीत जायचा. बाजारात ओळखीची बाई डावीकडून हसली तर ही तशीच पुढे जायची, मग ती बाई म्हणायची, फूल पडलं तरी गर्व गेला न्हाई. म्हणून मावशी कायम तिच्या डावीकडून चालायची. शेतात, रस्त्यात, बाजारात. गुरं आली की हाताने मागे सारायची, खड्डा आला की कोपराला धरायची. न बोलता. गावात म्हणायचे, सासू असावी तर अशी.

मी दर महिन्याला मावशीला विचारायचो, "सांगितलं का?" ती म्हणायची, पोळा होऊ दे. मग म्हणाली, घट बसू दे. आणि मी दर महिन्याला बरं म्हणायचो. दरम्यान अंबाजोगाईहून दोनदा फोन आला, नोंदणीसाठी या म्हणून. मंगलने दोन्ही वेळा फोन माझ्याकडे दिला आणि नाही म्हणून मान हलवली.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. खळ्यावर बाजरीची मळणी चालली होती. यंत्र धडधडत होतं आणि भुसा सगळ्या अंगणावर उडत होता. भागवत आणि दोन गडी कणसं टाकत होते, मंगल धान्य ओढत होती. मी मावशीशेजारी ओट्यावर बसून चहा पीत होतो. दुपारचं ऊन होतं.

मंगल खळ्याकडून येताना दिसली. तिने उजवा डोळा तळहाताने दाबला होता आणि दुसरा हात पुढे धरून चाचपडत होती. तुळशीच्या कट्ट्याला तिची मांडी आपटली. मी उठलो. मावशी माझ्या आधी तिथे पोचली होती.

"कुसळ गेलं," मंगल म्हणाली. "चांगल्या डोळ्यात गेलं, आत्याबाई. मला काईबी दिसंना."

मी तिला हात देऊन आणलं आणि म्हणालो, "बस इथे. माझ्या गाडीच्या डिकीत सलाईनची बाटली आहे. धुऊन काढतो, दोन मिनिटांत होईल. चोळू नकोस."

तिने माझा हात सोडला. "न्हाई भावजी. तुमच्या दवाखान्याचं काईबी नको ह्या डोळ्याला. एक दिला तेवढा बास झाला."

"अगं, साधं पाणी असतं ते."

"तवाबी साधंच म्हणलं व्हतं." ती पायाने दगड शोधत होती. सापडल्यावर त्यावर बसली आणि मान मागे केली. डोळ्यातून पाणी गालावर वाहत होतं. "आत्याबाई, तुमी समद्यांना न्हाई म्हणता. मला न्हाई म्हणू नका. तुमच्याच हातानं काढा."

मावशी आत गेली आणि तांब्या घेऊन आली. मला वाटलं, ही काढणार. खरंच वाटलं. तिने एक चूळ भरून टाकली. दुसरी भरून टाकली. मी म्हणालो, "मावशी." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिसरी चूळ तोंडात घेऊन ती मंगलसमोर उभी राहिली. मंगलने बोटांनी स्वतःच पापण्या फाकवल्या होत्या. एक डोळा पांढरा, एक लालभडक, आणि दोन्ही वर मावशीकडे लावलेले.

मावशीचे गाल पाण्याने फुगलेले होते. ती तशीच उभी राहिली, बराच वेळ. मग तिने ते पाणी तुळशीकडे तोंड करून थुंकलं आणि मंगलपुढे जमिनीवर बसली.

"म्या न्हाई काढायची," ती म्हणाली. "तुजा तो डोळा म्या घालवला."

"कायबी बोलू नका. काढा लवकर, टोचतंय."

"ऐक. त्या दिशी तुज्या डोळ्यात काईच नव्हतं. जखम व्हती. म्या मिसरीच्या तोंडानं चाटली. दाखवला तो कण माज्या दातातला व्हता. म्या तुला खोटं दाखवलं. डाक्टरीणबाईनं इचारलं, जिभेनं काढलं का, तवाबी न्हाई म्हणले. दवाखान्यानं तुजं काई केलं न्हाई. त्यांनी उरलं तेवढं वाचवलं."

मंगलची बोटं पापण्यांवरून खाली आली. दोन्ही डोळे मिटले गेले. खळ्यावर यंत्र धडधडत होतं आणि भागवत कुणाला तरी पोती धर म्हणून ओरडत होता. मंगलला उठून जायचं असतं तरी जाता आलं नसतं, कुणाचा तरी हात धरावा लागला असता, आणि तिथे आम्ही दोघंच होतो. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"भावजी," ती शेवटी म्हणाली. "तुमाला ठावं व्हतं?"

"हो," मी म्हणालो. "अंबाजोगाईपासून."

तिने मान हलवली. भुशाने माखलेल्या तिच्या गालांवर पाण्याचे दोन ओघळ होते. दोन्ही डोळ्यांचे. फूल पडलेला डोळाही रडतो, हे लोकांना माहीत नसतं.

"धुवा," ती म्हणाली.

मी गाडीकडे पळत गेलो. सलाईन ओतलं तरी कुसळ निघेना. मग कापसाची काडी लावून वरची पापणी उलटी केली. ते तिथे आत आडवं चिकटलं होतं. ओल्या कापसाने ते अलगद टिपलं. पुन्हा धुतलं, बॅटरीने पाहिलं. बुब्बुळाला ओरखडा नव्हता. मी म्हणालो, "निघालं. डोळा चांगला आहे."

"दाखवा," मंगल म्हणाली.

मी कापूस तिच्यापुढे धरला. तिने माझं मनगट पकडून तो डोळ्याजवळ ओढला आणि बघितलं. एकदा बोट लावून बघितलं, खरंच कुसळ आहे का. मग माझा हात सोडला. मावशी अजून जमिनीवरच बसली होती.

मंगलने तिच्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही, फटकळपणाही नव्हता. "त्यांनी मला समद्या टोळीदेखत मारलं. डोळा चोळला म्हणून. तुमी तितंच भाकरी थापत व्हता."

"व्हय," मावशी म्हणाली.

"तुमचा हात थांबला न्हाई. म्या बघत व्हते तुमच्याकडं, आत्याबाई मदी पडतील म्हणून. भाकर तव्यावर टाकली तुमी. उलटली. मला वाटलं, तुमालाबी म्याच चुकले वाटत आसंल."

मावशीने पदर तोंडाला लावला. मला तिचा राग येत होता आणि तिच्याकडे बघवतही नव्हतं. मंगल उठली, पदराने चेहरा पुसला. "भावजी, अंबाजोगाईला कवा जायाचं ते सांगा. नाव घालायचं हाय," ती म्हणाली. मी म्हणालो, बुधवारी. ती म्हणाली, "म्या एकली येते. यष्टीनं."

एवढं बोलून ती खळ्याकडे निघाली. मावशी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि सवयीने तिच्या मागून जाऊन डावीकडे झाली. वाटेत पोत्यांची थप्पी होती, तिथे मंगलचा खांदा आपटला असता. मावशीने हात पुढे केला होता.

मंगल थांबली. डावीकडचं बघायचं तर तिला आख्खी मान फिरवावी लागते. तिने ती फिरवली आणि सासूकडे पाहिलं.

"तिकडून नका चालू," ती म्हणाली. "इकडं या. मला दिसाल आशा चाला."

मावशी मागून वळसा घालून तिच्या उजवीकडे आली. दोघी खळ्याकडे गेल्या. जाताना मंगलचा डावा खांदा पोत्यांच्या थप्पीला घासला, तरी ती थांबली नाही.